यंत्राने विचारावं, सांगू नये

नाना, आज दुपारी मी एका सभेत इतकं तावातावाने बोलले की शेजारच्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. घरी येऊन दोन तास झाले, पण अजून आवाज खाली यायला तयार नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुमच्याशी बोलायचं तर आवाज खाली आणायची गरज कधीच पडली नाही. विषय काय होता ते ऐकलंत तर तुम्ही तपासणीचं टेबल सोडून बाहेर आला असतात. आजारी माणसाच्या बाबतीत हुशार यंत्रांनी काय करावं आणि काय करू नये, याची नियमावली लिहायला आम्हा काही लोकांना एकत्र बसवलं आहे. डॉक्टर आहेत, वकील आहेत, माझ्यासारखे आयुष्यभर संगणकावर काम केलेले आहेत, आणि सातपुड्याच्या पाड्यांवर आरोग्याचं काम करणारी एक मुलगी आहे. आता यंत्र छातीचा फोटो बघून सांगतं, नाना. डोळ्याच्या पडद्याचा फोटो बघून सांगतं. माणसाशी बोलतं, आणि अहिराणीत विचारलं तरी बऱ्यापैकी समजतं! याला आता कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. सभेत एक तरुण डॉक्टर म्हणाला, ‘मॅडम, हे नैतिक प्रश्न तर आत्ता कुठे उभे राहतायत.’ मला इतकं हसू आलं. मी म्हटलं, आमच्या शिरपूरच्या दवाखान्यात हे सगळे प्रश्न उभे राहून गेले आहेत. आणि मग त्यांना तुमची गोष्ट सांगितली.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावहून इंजिनिअर होऊन आले होते आणि धुळ्याला एका संगणक क्लासमध्ये शिकवत होते. शनिवारी दुपारी एस.टी.ने शिरपूरला यायचं आणि सोमवारी पहाटे परत जायचं. कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी नवा संगणक घेतला आणि जुना तुम्हाला देऊन टाकला, कारण त्यांच्या आईचा दमा तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळला होता. हातगाडीवरून तो आला तेव्हा वरची चादर काढायच्या आत तुम्ही पेशंट सोडून बाहेर आलात. हिरव्या अक्षरांचा पडदा, वाऱ्यासारखा आवाज करणारी पेटी, जाडजूड फ्लॉपी. तुम्ही विचारलंत, ‘हा काय काय करतो?’ मी म्हटलं, ‘आपण सांगू ते.’ तुम्ही म्हणालात, ‘मग त्याला डॉक्टरकी शिकवू.’ मला वाटलं, थट्टा करताय. पण पुढच्या शनिवारी मी आले तर औषधांच्या कपाटाशेजारी जागा करून, स्टॅबिलायझर लावून, तुम्ही माझी वाट बघत बसला होतात.

दुपारची ओपीडी संपली की आपण बसायचो. मी विचारते, ‘हिवताप आहे हे तुम्हाला कसं कळतं?’ तुम्ही म्हणता, ‘दिसतं ना.’ ‘काय दिसतं?’ ‘माणूस दिसतो.’ ‘नाना, माणूस प्रोग्राममध्ये घालता येत नाही. थंडी वाजते का, कोणत्या वेळी, घाम येऊन ताप उतरतो का, असं सांगा.’ मग तुम्ही डोळे मिटून एकेक सांगत जाता आणि मी ‘हे असेल तर ते’ अशा ओळी टाईप करत जाते. एकदा तुम्ही मधेच थांबलात आणि स्वतःचंच आश्चर्य वाटून म्हणालात, ‘अगं, पेशंट दारातून स्टुलापर्यंत चालत येतो ना, तेवढ्यात माझं निम्मं निदान झालेलं असतं. हे कसं घालशील?’ मी म्हटलं, घालता येणार नाही. ‘मग तेही लिहून ठेव, की हे घालता आलं नाही.’ आई चहा घेऊन यायची आणि दारातूनच म्हणायची, ‘बापलेकींनी मिळून जगातले सगळे रोग त्या टीव्हीत कोंबलेत. आता तो शिंकायला लागेल.’ आणि अक्का, आपली नर्स, तुमच्याहून वयाने मोठी, त्या पेटीला हात लावायच्या आधी पदराने हात पुसायची. मी त्या दिवसांत एस.टी.त बसल्या बसल्याही मनात ओळी लिहीत असायचे. कुणी शेजारी खोकलं तरी मला पुढचा प्रश्न सुचायचा.

पहिल्या दिवसापासून तुम्ही एक गोष्ट मात्र हट्टाने करायचात. यंत्रापाशी जायच्या आधी पेशंटला सांगायचात, ‘मी माझं मत केलंय. आता या यंत्रालाही विचारून बघणार आहे. चालेल का?’ मला ते फुकटचं वाटायचं. अर्ध्या लोकांना काही कळायचं नाही, उरलेले हसायचे. एक शिंपी होते, पोटदुखीचे. त्यांनी सरळ सांगितलं, ‘डागदर, त्या डबडाले नको इचारू. तूच सांग.’ तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि मी घाईने आधीच भरायला घेतलेली माहिती पुसून टाकली. मी नंतर कुरकुर केली, ‘त्यांना काय फरक पडत होता?’ तुम्ही म्हणालात, ‘पोट त्यांचं आहे.’ बस, एवढंच. आज सभेत यावर तासभर चर्चा झाली, नाना. संमती कशी घ्यायची, कोणत्या शब्दांत घ्यायची, नकार दिला तर काय. वकिलांनी दोन पानं लिहून आणली होती. मी तुमचं ते वाक्य सांगितलं तेव्हा वकीलबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘हे पहिल्या ओळीत घालू या.’

आणि मग तो भाद्रपदातला रविवार. नदीकाठच्या गावांत पाणी खराब झालं होतं आणि जुलाब-उलट्यांची साथ होती. व्हरांड्यात खाटा टाकल्या होत्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. सकाळपासून तुम्ही बसला नव्हता. दुपारी जीपमधून एका बाईला आणलं. तिशीची असेल. उलट्या, जुलाब, घामाने चिंब, बोलता येईना. तुम्ही नाडी बघितलीत, पोट बघितलंत, आणि म्हणालात, ‘सलाईन लावा, हीही त्यातलीच.’ आणि पुढच्या खाटेकडे वळलात. मी माझ्या जागी बसून, तिच्या नवऱ्याला विचारून, रोजच्यासारखी माहिती भरत होते. उलट्या, हो. जुलाब, हो. घाम, खूप. तोंडातून लाळ गळते का? मी मान वळवून पाहिलं. लाळ गळत होती. मी ‘हो’ दाबलं आणि पडद्यावर प्रश्न आला: डोळ्याची बाहुली केवढी आहे?

मी उठून तुमच्याकडे आले. ‘नाना, तिची बाहुली केवढी आहे?’ तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘आत्ता नको, बाजूला हो.’ मी बाजूला झाले नाही. म्हटलं, ‘हा माझा प्रश्न नाही, तुमचा आहे. तुम्हीच मला सांगितलं होतं, घाम आणि लाळ एकत्र दिसली की हा विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.’ तुमचा हात हवेतच थांबला. मला तो चेहरा आजही दिसतो. तुम्ही खिशातून टॉर्च काढलात, तिच्या पापण्या वर केल्यात, आणि वाकलेलेच राहिलात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. ‘अक्का, अ‍ॅट्रोपिन! हिचं लुगडं काढा, अंग साबणाने धुवा!’ आणि मग नवऱ्याकडे वळून, ‘फवारणी केली का हिने?’ तो घाबरून म्हणाला, ‘ती नही करे, डागदर. मीच करस. तिनी फक्त पंप घर लई आना.’ पंप गळका होता. कपाशीवरचं विष वावरापासून घरापर्यंत तिच्या पाठीवर झिरपत आलं होतं. तुम्ही तिच्या उशाशी स्टूल घेऊन बसलात. इंजेक्शन, बाहुली, नाडी, पुन्हा इंजेक्शन. हळूहळू लाळ आटली. छातीतली घरघर कमी झाली. दिवेलागणीच्या आधी तिने डोळे उघडून नवऱ्याला विचारलं, ‘बकऱ्या कोन बांधी?’ आणि व्हरांड्यातले सगळे हसले. जे स्वतः सलाईनवर होते तेही.

तुम्ही तेव्हा काय केलंत आठवतं? जिन्याखाली उभं राहून आईला हाका मारल्यात. ‘अगं, खाली ये! ऐकलंस का, मी चुकत होतो!’ इतक्या आनंदाने स्वतःची चूक जाहीर करणारा माणूस मी तेव्हाही पाहिला नव्हता आणि नंतर या सगळ्या मोठ्या दवाखान्यांतही फार पाहिले नाहीत. तुम्ही त्या नवऱ्यालाही बाजूला बसवून सांगितलंत, ‘मी आधी वेगळं समजलो होतो. या यंत्राने मला थांबवलं.’ तो पडद्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘मंग फी त्यालेच देवानी का, डागदर?’ तुम्ही हसता हसता स्टुलावरून पडायचे राहिलात. आणि माझ्याकडे वळून जरा वेळाने म्हणालात, ‘मला ठाऊक नव्हतं असं नाही गं. त्या क्षणी आठवलं नाही. ठाऊक असणं आणि आठवणं यांच्यामधल्या फटीत माणूस मरतो. तुझा डबा त्या फटीत उभा राहिला.’ नाना, मी बावीस-तेवीस वर्षांची होते. मला वाटलं, आता जगात अशक्य असं काही उरलं नाही.

शेठजींनाही तसंच वाटलं. ते मिठाईचा पुडा घेऊन आले आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, डोंगराच्या पायथ्याशी जिथे मोठा बाजार भरतो, तिथे आमच्या ट्रस्टची खोली आहे. लाईट आहे. मी नवीन कॉम्प्युटर देतो, माझा ऑपरेटर देतो. तुम्ही तिथे नसाल, पण तुमचं डोकं तिथे असेल!’ शंभर पाड्यांना एक डॉक्टर नव्हता, तिथे तुमचं डोकं! मी तर मनातल्या मनात त्या खोलीत टेबलही मांडून टाकलं. तुम्हीही खूश होतात, खोटं सांगत नाही. पण मिठाईचा तुकडा हातातच धरून म्हणालात, ‘डोकं जाईल, शेठजी. कान कोण नेणार?’ शेठजी म्हणाले, ‘एकदा करून तर बघा.’ आणि तुम्ही हो म्हणालात. करून बघायला तुम्ही कधीच नाही म्हटलं नाहीत.

बाजाराच्या दिवशी आपण गेलो. खोलीच्या दारात ही गर्दी. शेठजींचा ऑपरेटर इस्त्रीचा शर्ट घालून यंत्रापाशी बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण आवाज मोठा आणि उत्साह त्याहून मोठा. तुम्ही मुद्दाम लांब, लिंबाखाली बाकावर बसलात, यंत्र एकटं काय करतं ते बघायला. एक म्हातारी आली, सून आणि लहान नात बरोबर. ऑपरेटर पडद्यावरचे प्रश्न वाचत गेला. खोकला आहे? हो. पुष्कळ दिवसांपासून? हो. संध्याकाळी ताप येतो? हो. वजन उतरलं? हो. थुंकीतून रक्त पडतं? ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, मग मान हलवली. हो. पडद्यावर उत्तर आलं आणि त्याने रांगेला ऐकू जाईल असं वाचलं, ‘टीबी!’ माझ्या डोळ्यांदेखत रांग दोन पावलं मागे सरली. सुनेने म्हातारीच्या मांडीवरून मुलीला ओढून घेतलं.

तुम्ही लगेच आलात. म्हातारीला बाकावर घेऊन बसलात, छाती तपासलीत, चुलीचं विचारलंत, घरातलं विचारलंत, आणि मग सहज, ‘आजी, खोकताना रगत पडस का?’ ती हसली. ‘नही रे भाऊ.’ ‘मंग त्याले हो का म्हनी?’ तिने दाराकडे बोट केलं. ‘तो सायेब शे. त्याले नही कसं म्हनू?’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ‘ऐकलंस? तिने उत्तर नाही दिलं. मान दिला.’ तिची थुंकी तुम्ही धुळ्याला तपासायला पाठवलीत. त्यात काही निघालं नाही. चुलीच्या धुराने धरलेली जुनी छाती होती, बाकी काही नाही. मला वाटलं, सुटलो. पुढच्या वेळी प्रश्न अहिराणीत घालायचे, झालं.

पण अक्का बातमी घेऊन आली. त्या म्हातारीची खाट गोठ्यात हलवली होती. ताटली वेगळी, तांब्या वेगळा. तुम्ही सकाळची ओपीडी बंद ठेवलीत. आजवर फक्त माझ्या आजीच्या मरणाला बंद राहिली होती. मला स्कूटरवर मागे बसवलंत आणि आपण तिच्या गावाला गेलो. ती गोठ्यात खाटेवर बसलेली, बैलांच्या पलीकडे, आणि दारात उभी असलेली नात तिच्याकडे बघतेय, पण जवळ येत नाहीये. तुम्ही सरळ त्या खाटेवर तिच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, ‘आजी, पाणी पाज.’ तिचा मुलगा घरातून स्वच्छ पेला आणायला धावला. तुम्ही म्हणालात, ‘नको. आजीनाच तांब्या.’ एव्हाना गल्लीतली माणसं जमली होती. तुम्ही तिच्या तांब्याला तोंड लावून अर्धं पाणी प्यायलात आणि तांब्या माझ्या हातात दिलात. ‘पी.’ मी प्यायले. मग तुम्ही उभे राहून सगळ्यांना सांगितलंत, ‘आजीला टीबी नाही. धुळ्याहून तपासून आणलंय. माझ्या यंत्राने चुकीचं सांगितलं. यंत्र माझं आहे, म्हणून चूक माझी आहे. आणि टीबी असता तरी गोठ्यात टाकायचं नसतं, औषध द्यायचं असतं.’ मुलाने विचारलं, ‘म्हणजे मशीन खोटं बोललं?’ तुम्ही म्हणालात, ‘खोटं नाही. त्याने ऐकलं ते बरोबर जोडलं. नीट ऐकलं मात्र नाही.’ नात केव्हा खाटेवर चढून बसली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हातारीने तिच्या केसांत बोटं घातली.

परतीच्या वाटेवर आपण टपरीवर चहाला थांबलो आणि तिथे आपलं कडाक्याचं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, ‘प्रोग्राममधून रोगांची नावं काढून टाक.’ मी म्हटलं, ‘सगळी?’ ‘सगळी.’ ‘मग राहिलं काय, नाना?’ ‘प्रश्न राहिले.’ मी चहा तसाच टाकला. म्हटलं, एका ऑपरेटरने ओरडून सांगितलं म्हणून तुम्ही सगळं यंत्र मुकं करताय. उत्तर हाच तर चमत्कार आहे! तुम्ही शांतपणे विचारलंत, ‘त्या पंपवाल्या बाईच्या वेळी यंत्राने काय केलं होतं? विषबाधा म्हणाला होता का तो? बाहुली केवढी, एवढंच विचारलं त्याने. नाव मी घेतलं. चुकलो असतो तर लोकांनी माझी कॉलर धरली असती. तुझ्या डब्याला कॉलर आहे का?’ टपरीवाला आपल्याकडे बघत होता. मी शेवटचं म्हटलं, ‘आणि जिथे तुम्ही नसाल तिथे?’ ‘तिथे कुणीतरी असलं पाहिजे,’ तुम्ही म्हणालात. ‘यंत्राने विचारावं. सांगू नये.’ पुढचा शनिवार मी रागाने धुळ्यालाच काढला.

त्या रागात मी ते काम करायला बसले, तुम्हाला दाखवून द्यायला, की बघा, काही उरत नाही. आणि नाना, झालं उलटंच! नावं काढून टाकली तशी सगळी ताकद प्रश्नांवर आली. कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, कोणता विचारल्याशिवाय पुढे जाऊच द्यायचं नाही, आणि एकच गोष्ट दोन तऱ्हांनी कशी विचारायची, म्हणजे मान देणारा ‘हो’ आणि खरा ‘हो’ वेगळे पडतील. इतकं अवघड आणि इतकं मजेचं काम मी नंतर मोठमोठ्या कंपन्यांतही केलं नाही. मी परत आले तेव्हा तुम्ही भांडणाचा विषयच काढला नाहीत. पेशंट बनून समोर बसलात, प्रत्येक प्रश्नाला मुद्दाम ‘हो’ म्हणत गेलात, आणि पडद्यावर जेव्हा आलं, ‘पेशंट सगळ्यालाच हो म्हणतो आहे, पुन्हा सावकाश विचारा,’ तेव्हा टाळ्या वाजवल्यात. लहान मुलासारख्या.

शेठजींना पटवायला वेळ लागला. त्यांना वाटत होतं, उत्तर न देणारं यंत्र म्हणजे कापूस न दाबणारा प्रेस. तुम्ही त्यांना त्यांच्याच जिनिंगमध्ये गाठलंत, काट्यापाशी. ‘शेठजी, काटा वजन दाखवतो, तरी इथे माणूस का बसवता?’ ते म्हणाले, ‘वजनात घोळ झाला तर बोलायला कुणी तरी नको का?’ तुम्ही नुसते हसलात. जरा वेळाने तेही हसले. बाजाराच्या खोलीत ऑपरेटरच्या जागी अक्का बसली, आणि दाराशी शेठजींची जीप उभी राहिली, पेशंट शिरपूरला आणायला. यंत्र विचारायचं, अक्का बघायची, आणि जे करायचं ते अक्का तुम्ही घालून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे करायची. पुढच्या फवारणीच्या मोसमात एका तरुणाला तिथे आणलं, लाळ गळणारा, घामाने भिजलेला. अक्काने बाहुली बघितली, पहिलं इंजेक्शन तिथेच दिलं, अंग धुतलं आणि त्याला घेऊन जीपमध्ये बसली. तो जिवंत पोचला आणि जिवंत घरी गेला. त्या दिवशी अक्का तुम्हाला बोलूच देईना. ‘मी आधी लाळ बघितली, मग बाहुली, मग...’ आणि तुम्ही, तिचे डॉक्टर, विद्यार्थ्यासारखे ‘हं, मग?’ म्हणत ऐकत होतात.

पुढे उंदरांनी वायरी खाल्ल्या, धुळीने पेटी बंद पडली. तोवर ट्रस्टने तिथे आठवड्यातून काही दिवस बसणारा खराखुरा डॉक्टर आणला होता, आणि कुणाला यंत्राची फारशी आठवण राहिली नाही. मी पुण्याला गेले. ते दशक संपायच्या आधी तुम्ही गेलात, ओपीडीतून उठून वर जेवायला जाताना, जिन्यात. घराघरांत, खिशाखिशांत संगणक आलेला तुम्ही पाहिला नाहीत. याचं मला कधी कधी इतकं वाईट वाटतं. तुमचे प्रश्न संपले नसते, नाना. तुम्ही त्या यंत्राला रात्रंदिवस पिडलं असतंत.

तर आज सभेत हे सगळं सांगून झालं. लोकांनी ऐकलं, खरंच ऐकलं. पेशंटला आधी सांगायचं, नकार मानायचा, चूक झाली तर जबाबदारीने उभं राहणारं एक माणूस ठरलेलं असायचं, आणि रोगाचं नाव चारचौघांत उच्चारायचं नाही, हे सगळं मसुद्यात आलं. मला वाटलं, आता शेवटचं वाक्य तेवढं राहिलं, तुमचं, की यंत्राने विचारावं, सांगू नये. मी ते मांडणार, तेवढ्यात ती पाड्यांवर काम करणारी मुलगी उठली. म्हणाली, ‘मॅडम, तुमची गोष्ट मला फार आवडली. पण आमच्या पाड्यावर अक्का नाही. पावसाळ्यात जीप येत नाही. फोन मात्र आहे. तो फोन एखाद्या बाळंतिणीला सगळं नीट विचारेल, त्याला कळेल की हिचा जीव धोक्यात आहे, आणि मग तो गप्प बसेल? कारण सांगायला माणूस नाही म्हणून?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तावातावाने बोलले ते त्यानंतर. आणि नाना, मी तिच्या बाजूने बोलले. म्हटलं, जिथे कुणीच नाही तिथे यंत्राने सांगावं. त्या बाईच्या भाषेत सांगावं, तिला एकटीला सांगावं, मी चुकू शकतो हे आधी सांगावं, आणि दूर का होईना, त्या यंत्रासाठी जबाबदार असलेल्या माणसाचं नाव तिला कळावं. पण सांगावं. ते कलम आता माझ्या शब्दांत लिहिलं गेलं आहे. ‘जिथे तुम्ही नसाल तिथे?’ असं टपरीवर मी तुम्हाला जे विचारलं होतं, त्याचं तुम्ही दिलेलं उत्तर मी आज खोडलं, आणि खोडताना माझा आवाज आनंदाने कापत होता.

मी लिहायला बसले ते तुम्हाला पटवायला, असं मला वाटत होतं. मुद्दे तयार होते. आता हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून कबूल करते. मसुदा पक्का व्हायला अजून अवकाश आहे, आणि तुम्ही मला थांबवावं, टपरीवर थांबवलंत तसंच, शांतपणे, एखादा प्रश्न विचारून, असं मला फार वाटतंय. मी कान देऊन बसले आहे. तो प्रश्न काय असेल, ते मला सुचत नाही.